पितळेचं बटण वर येईना

जिमखान्याच्या मीटिंगमध्ये मी हात वर केला तो झोपेत. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर आमच्या घरातली पोरं अजूनही समजतात की त्यांचा बाप एकेकाळी मोठा इंजिनतज्ज्ञ होता आणि लोक त्याला हाताला धरून न्यायचे.

वर्षं संयुक्त महाराष्ट्राची. मी लालबागला राहायचो आणि परळच्या एका गिरणीत, सूत काततात त्या खात्यात फिटर होतो. दिवसाआड कुठे ना कुठे सभा असायची. पाळी सुटली की घरी डबा टाकून सरळ मैदान गाठायचं, दाटीवाटीने मातीत बसायचं, आणि वरून कोणी "तयार आहात का?" असं विचारलं की हात वर करायचा. विचारलं काय हे नंतर शेजारच्याकडून समजून घ्यायचं. हाताला वळणच पडलं होतं तसं.

गिरणीच्या जिमखान्याची मीटिंग कॅन्टीनमध्ये होती. मी पहिली पाळी करून आलेला, वर दोन कप चहा आणि उकाडा. बाकाच्या टोकाला माझा डोळा लागला. जिमखान्याचे सेक्रेटरी, म्हणजे आमच्या ऑफिसातले हेडक्लार्क, काहीतरी लांबलचक बोलत होते. मधेच "कोण तयार आहे?" एवढे शब्द कानात शिरले आणि माझा हात आपोआप वर गेला. टाळ्या पडल्या. शेजारच्याने पाठ थोपटली.

"काय झालं रे?" मी विचारलं.

"गवताच्या मशीनचं इंजिन तू खोलणार. शाब्बास."

खोलणार नाही, असं तेव्हाच म्हणता आलं असतं. पण नुकतंच लग्न झालेलं, टाळ्या ताज्या, आणि फिटर म्हणवून घेणाऱ्याला इंजिन येत नाही हे सगळ्या कॅन्टीनसमोर कसं कबूल करायचं?

ते मशीन म्हणजे गिरणीच्या मागच्या मैदानावरचं गवत कापायचं विलायती यंत्र. जाताना एक गोरा साहेब जिमखान्याला ठेवून गेला होता. पुढे पाती, मागे लोखंडी रूळ, मधे पेट्रोलवर चालणारं लहानसं इंजिन. मैदानाच्या कोपऱ्यात पत्र्याची खोली होती, तिच्या एका भागात हे यंत्र आणि दुसऱ्या भागात ते चालवणारा माळी राहायचा. आम्ही त्यांना माळीकाका म्हणायचो. मालवणकडचे, पन्नाशी उलटलेले, अंगाने काटकुळे, खांद्यावर कायम एक जुना पंचा. त्या पंच्याने ते दिवसभर काही ना काही पुसत असायचे. पाती पुसायचे, नळ पुसायचे, स्टंपा पुसायचे. पुसायला काही नसलं तर खोलीचा पत्रा.

मीटिंगनंतरच्या रविवारी मी पान्यांची पिशवी घेऊन गेलो तेव्हा काकांनी मशीन बाहेर काढून चालू करूनच दाखवलं. धूर भरपूर, पण चालत होतं.

"मशीन बरां चलतां," काका म्हणाले. "धूर येता, येवंदे. कित्याक खोलतंस?"

कशाला खोलतो, हा प्रश्न बरोबर होता. पण माझ्या बाजूने टाळ्या झालेल्या होत्या. मी म्हणालो, "काका, पिस्टनच्या रिंगा गेल्यात. नव्याने बांधून देतो. पुढची दहा वर्षं बघायला नको."

इंजिन गिरणीतल्या बेंचवर गेलं. पंधरा दिवस पाळी सुटल्यावर मी तेच करत होतो. गिरगावच्या पलीकडे मोटारींचे सुटे भाग विकणाऱ्या गल्ल्या होत्या, तिथे पायपीट करून रिंगा मिळवल्या. बेअरिंगात नवा धातू ओतून घेतला आणि तो शाफ्टला नीट बसेपर्यंत हाताने खरवडला. आमच्या फोरमननी येताजाता पाहिलं आणि एकच सूचना दिली. इंजिनाच्या अंगावर पितळेचं एक बटण होतं, पावट्याएवढं. इंजिन चालू झालं की पोटातला लहान पंप तेल वर ढकलतो, त्या दाबाने ते बटण बाहेर येतं. फोरमन म्हणाले, "बटण वर आलं नाही तर दोन मिनिटांच्या वर चालवू नकोस. तेलावाचून बेअरिंग जळून जाईल, आणि मग हे मशीन भंगारवाल्याचं."

शेवटी एका रविवारी इंजिन परत मशीनवर चढलं आणि तेल घालायची वेळ आली. काकांनी कोपऱ्यातला एक चौकोनी पत्र्याचा डबा ओढत आणला. काळाकुट्ट, चारी बाजूंनी ओघळलेला. "ह्या जाडा तेल घाल," म्हणाले. "सायब ह्याच घाली."

मी झाकण उघडून बोट बुडवलं. काकवीसारखं जाड. मी हसलो. आता यात माझाही फार दोष नाही, असं मी गेली वीसेक वर्षं म्हणत आलोय. आमच्या खात्यात सूत गुंडाळणाऱ्या हजारो चात्या रात्रंदिवस गरगरायच्या त्या एका तेलावर, स्पिंडल तेल म्हणायचे त्याला. पाण्यासारखं पातळ आणि पारदर्शक. गिरणगावात त्या तेलावर लोकांची जी श्रद्धा होती ती काही देवांच्याही वाट्याला आली नसेल. सायकलीला ते, दाराच्या बिजागरीला ते, भजनीमंडळाच्या पेटीच्या भात्याला ते, आणि म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांनाही तेच. माझ्या बायकोच्या शिवणयंत्रासाठी बाटली भरून मीच न्यायचो.

"काका," मी म्हणालो, "तुम्हाला गवतातलं कळतं. तेलातलं आमच्यावर सोडा."

काकांनी डब्याचं झाकण लावलं आणि पंच्याने हात पुसले. मी इंजिनात स्पिंडल तेल ओतलं.

दोरी ओढली, तिसऱ्या ओढीला इंजिन लागलं. धूर नाही, आवाज सुईसारखा. बघायला आलेल्या चार टाळक्यांनी "वा" केलं. मी मात्र बटणाकडे बघत होतो. बटण जिथल्या तिथे. एक मिनिट. दीड मिनिट. मी इंजिन बंद केलं.

"बटण वर येता काय?" काकांनी विचारलं.

"येईल," मी म्हणालो. "नवीन आहे. लाजतंय."

बटणच अडकलं असेल म्हणून ते काढलं, रॉकेलने धुतलं, बोटाने दाबून पाहिलं. छान सरकत होतं. परत बसवलं, परत चालू केलं. काही नाही. त्या संध्याकाळी बसायला काही नव्हतं, तेव्हा काकांनी तो चौकोनी डबा पुढे सरकवला, त्यावर बसून मी ते बटण पाच वेळा काढलं आणि पाच वेळा घातलं. समोर पत्र्यावर कोणीतरी गेरूने 'झालाच पाहिजे' लिहून ठेवलं होतं. माझ्यासाठी लिहिलं नव्हतं, पण लागलं मला.

घरी गेलो तेव्हा पांढरा लेंगा गुडघ्यापासून खाली काळा होता. बायको गिरगावातली, मॅट्रिक झालेली, आणि आमच्या चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत शिवणयंत्रासकट येऊन राहिलेली. तिने लेंगा दोन बोटांनी उचलून सोड्याच्या पाण्यात टाकला. "झालं का मशीन?"

"जवळजवळ."

"म्हणजे नाही."

आठवडाभर मी डोकं खाजवलं. शेवटी फोरमनच म्हणाले, "अरे, कोरडा हातपंप कितीही हापस, पाणी येतं का? आधी वरून तांब्याभर ओतावं लागतं." मला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. इंजिन पुरतं उघडून धुतलेलं, पंपात थेंब नाही, तो हवाच हापसत बसला असणार.

दुसऱ्या रविवारी सेक्रेटरीही आले. मी डब्यावर बसून नळी सोडवली, पंपात तेल भरलं, नळी आवळली. दोरी ओढली. आणि पितळेचं ते बटण हळूच, थरथरत, वर आलं. पूर्ण नाही, पण आलं. मी सगळ्यांकडे असं पाहिलं की जणू तेलाचा शोध मी लावलाय. सेक्रेटरींनी माझा हात हातात घेतला. काकांनी मशीन गवतात घातलं. एक पट्टा कापून झाला, हिरवा, सरळ. दुसरा पट्टा अर्ध्यावर आला आणि काका थांबले. इंजिन तापलं होतं आणि बटण आत जाऊन बसलं होतं. मी धावत जाऊन बंद केलं.

सेक्रेटरींनी मघाचा तो हात रुमालाला पुसला.

"हे बघा," ते म्हणाले, "मी स्पष्ट बोलतो. दिवाळीनंतर मॅच आहे. गवत गुडघ्याला आलंय. मॅनेजर साहेबांचं म्हणणं, मागच्या तबेल्यातले भय्ये येऊन सगळं गवत फुकट कापून नेतील, म्हशींना होईल. मशीनच नसेल तर माळी कशाला ठेवायचा? मी फार तर दोन रविवार थांबतो."

हे त्यांनी काकांपासून चार पावलांवर उभं राहून सांगितलं. काका पाती पुसत होते.

मशीन धूर सोडत का होईना, चालत होतं. ते मी खोललं, कारण मी मीटिंगमध्ये झोपलो होतो. आणि आता एका माणसाची नोकरी, नोकरीबरोबरची पत्र्याची खोली, माझ्या हाताने जायची होती. काकांची बायको गावी, मुलगी लग्नाची. हे सगळं मला ठाऊक होतं. सेक्रेटरी गेल्यावर मी काकांना म्हणालो, "मी करतो काका, काहीही करून करतो."

"कर," काका म्हणाले.

बस्स, एवढंच. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

तिसऱ्या रविवारी मी पोचलो तेव्हा मशीन बाहेर काढून ठेवलेलं होतं आणि शेजारी डबा. मी बसलो. या वेळचा संशय एका स्प्रिंगवर होता. दाब फार वाढला तर जादा तेल परत सोडायला इंजिनात एक गोळी आणि तिच्यामागे स्प्रिंग असते. स्प्रिंग मऊ पडली तर गोळी उगाच मागे सरते आणि सगळा दाब निघून जातो. मी स्प्रिंगेखाली पितळेची चकती घालून ती ताठ केली. बटण थोडं जास्त वर आलं, थोडं जास्त टिकलं, आणि परत बसलं. मग उगाचच कार्ब्युरेटरशी खेळलो. त्यात इंजिनाने असा फाट्‌कन बार काढला की अख्खी गल्ली हादरली.

त्या गोळीबारांच्या दिवसांत तसा आवाज गमतीचा नव्हता. पलीकडच्या चाळीच्या गॅलरीतून बायकांनी पोरांना आत ओढलं, धडाधड दारं लागली. नाक्यावरचे दोन पोलीस काठ्या सावरत धावत आले. बघतात तर डब्यावर बसलेला एक काळा लेंगेवाला आणि गवत कापायचं मशीन.

"काय उडवलं?" थोरल्या हवालदाराने विचारलं.

"काही नाही साहेब, इंजिन आहे. तेल चढत नाही."

त्याने वाकून पाहिलं. साताऱ्याकडचा असावा. "आमच्या गावच्या पंपाचं असंच झालतं," तो म्हणाला. "शेवटी इकून टाकला."

दोघे गेले. मी पलीकडच्या गॅलरीकडे पाहून हात जोडले. दारं उघडायला बराच वेळ लागला.

आता एकच शंका उरली होती, आणि तीच सगळ्यांत वाईट. नवा धातू मी खरवडला होता. जास्त खरवडला असेन तर बेअरिंग सैल बसलं असणार, आणि सगळं तेल तिथूनच गळत असणार. म्हणजे इंजिन परत पुरतं खोलायचं, परत धातू ओतायचा, परत महिना. सेक्रेटरींनी दिलेल्या दोन रविवारांतला एकच उरला होता. मी तीन दिवस नीट जेवलो नाही. फिटरचा हात जास्त गेला, ही गोष्ट फिटरला स्वतःशीसुद्धा म्हणवत नाही.

बुधवारी संध्याकाळी मी खाटेवर पडून आढ्याकडे बघत होतो. बायको शिवणयंत्रावर कोणाचा तरी ब्लाऊज शिवत होती. मधेच थांबली आणि "गेला मेला" म्हणाली.

"काय गेलं?"

"ब्लाऊज. हे तुमचं गिरणीचं तेल. सकाळी घालावं तर दुपारी सगळं खाली कापडावर. उन्हाचं तर थांबतच नाही जागेवर. यंत्र कोरडं ते कोरडं, आणि लोकांच्या कपड्यांना डाग."

मी उठून बसलो. "परत सांग."

"काय परत सांगू? पातळ आहे हो. पाणी आहे नुसतं. ऊन लागलं की आणखी पातळ होतं." तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "त्या इंजिनात कुठलं घातलंय तुम्ही?"

मी खाटेखाली चप्पल शोधू लागलो.

"अहो?"

"हेच," मी म्हणालो.

ती ब्लाऊजवरच्या डागावर पावडर टाकून तो चोळत राहिली. हसू दाबताना तिचे खांदे हलतात, तेवढे हलत होते.

चाती फिरते गरगरा, पण तिच्यावर ओझं ते किती, धाग्याचं. आणि ती तापते किती. इंजिनाच्या पोटात स्फोट होतात. तिथे तापल्यावर ते तेल पाणी होऊन फटीफटींतून निघून जाणार नाही तर काय करणार? पंप बिचारा पाण्याचा दाब कुठून आणणार? तीन आठवडे मी बटणावर संशय घेतला, पंपावर घेतला, स्प्रिंगवर घेतला, शेवटी स्वतःच्या हातावर घेतला. तेलावर घेतला नाही. तेल आमचं होतं ना.

रविवारी बायको म्हणाली, "मीही येते." मी नको म्हणून पाहिलं. तिने चप्पल घातली होती.

मैदानावर मशीन बाहेर होतं, शेजारी डबा. काकांनी तिच्यासाठी आतून खुर्ची आणली, पंच्याने पुसून ठेवली. मी सवयीने डब्यावर बसलो, स्प्रिंगेखालची चकती काढून टाकली, सगळं स्पिंडल तेल घमेल्यात सोडलं आणि म्हणालो, "काका, चूक माझी होती. याला जाड तेल लागतं. पण तीन दिवस डबल पाळी पडली, दुकान गाठता आलं नाही, आणि आज रविवार, दुकानं बंद. असं तेल आता खंय मिळतला?"

माझं मालवणी ऐकून काका थोडे हसले असावेत. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे म्हणजे माझ्या खाली.

"ऊठ," ते म्हणाले.

मी उठलो. त्यांनी डब्याचं झाकण उघडलं.

बायकोने पदर तोंडावर धरला. मी तीन रविवार ज्यावर बसून इंजिनाला तेल का चढत नाही याचा विचार केला होता, ते म्हणजे इंजिनाचं तेल होतं.

"काका, तुम्ही परत सांगायचं ना."

"तू फिटर, मी माळी," काका म्हणाले. "एकदा सांगलंय. मगे दर आयतवारी तुझ्या मुखार आणून ठेवलंय. आणि काय करू?"

मी ते काकवीसारखं तेल पंपात भरलं, इंजिनात भरलं, दोरी ओढली. बटण वर आलं. थरथरत नाही, टक्कन, पोराने जीभ बाहेर काढावी तसं. आम्ही तिघं बघत राहिलो. पाच मिनिटं. दहा. इंजिन चांगलं तापलं, मी हात लावून बघितला आणि पोळून घेतला. बटण जागचं हललं नाही.

काकांनी मशीन गवतात घातलं. एक पट्टा तिकडे, एक पट्टा इकडे, एक गडद हिरवा, एक फिका, रेशमी साडीच्या पोतासारखे. ओल्या गवताचा वास परळच्या त्या धुराच्या हवेत कुठून कुठे पसरला होता. पलीकडच्या गॅलरीत बायका येऊन उभ्या राहिल्या. या वेळी पोरांना घेऊन. काका एकदाही मागे वळले नाहीत, नुसते चालत राहिले, सरळ. सेक्रेटरी साडेअकराला आले, अर्धं मैदान कापलेलं पाहिलं, "ठीक आहे, तबेल्याला नको म्हणून कळवतो," एवढं म्हणाले आणि गेले.

काका नंतर बरीच वर्षं तिथे होते. मुलीचं लग्न त्या खोलीतूनच झालं. पुढे ते स्वतःच गावी गेले. मैदानावर आता कापसाच्या गाठी ठेवायची शेड आहे. मी अजून तिथून गेलो की नाक वर करतो, गवताचा वास येतोय का बघायला. रुईचा येतो.

त्या रविवारी आम्ही दोघं लालबागला चालत परतलो. मी मोकळा झालो होतो आणि मोकळा झालो की मी फार बोलतो. बटण कसं टक्कन आलं ते दोनदा सांगितलं. मग म्हणालो, "पण काका पण कमालच. तीन रविवार मला डब्यावर बसू दिलं. मनातून मजा बघत असणार."

नाक्यावर आल्यावर बायको म्हणाली, "तुमचे लेंगे मी धुतलेत. तिन्ही वेळा गुडघे काळे, नाडी काळी, मांड्यांवर बोटं पुसलेली. बसायच्या जागी तेलाचा एक ठिपका नव्हता. आणि डबा केवढा ओघळलेला होता म्हणून तुम्हीच सांगितलंत. नोकरी जायची वेळ आलेली, आणि तुम्ही येऊन बसणार म्हणून तो माणूस दर रविवारी डबा पुसून ठेवत होता."